तांब्याच्या नळीचं वळण

आमच्या स्वयंपाकघरात रेतीचे दोन डबे होते, एक अम्मीचा आणि एक अब्बूंचा. अम्मीची रेती वर्षानुवर्षं चणे आणि शेंगदाणे भाजून काळी पडली होती आणि तिला हळदीचा वास यायचा. अब्बूंची रेती पांढरट. वर्धा नदीच्या पात्रातून आणलेली, तीनदा धुतलेली, मैद्याच्या चाळणीनं चाळलेली. भाजायची मात्र तीही अम्मीच, चुलीवर, जुन्या लोखंडी कढईत. रेती तापताना आधी चिडीचूप असते, मग तिच्यातून बारीक सुस्कारा निघू लागतो, आणि तो थांबला की समजायचं, ओल गेली. अम्मी कढईवर कान धरून उभी राहायची. मी लहानपणी विचारायची, ‘‘अम्मी, रेती काय म्हणते?’’ तर ती म्हणायची, ‘‘म्हणते, या पोट्टीले आधी भांडे घासाले लाव.’’ वसतिगृहातल्या माझ्या मुलींना मी हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं मॅडम गंमत करतात. रेती कशाला कोण भाजेल?

आम्ही बल्लारपूरला राहत होतो, रेल्वे लाइनच्या अलीकडच्या वस्तीत. अब्बू नळफिटिंगचं काम करायचे, सगळे त्यांना मिस्तरी म्हणायचे. आमच्या अंगणात सकाळी दोन आवाज ठरलेले. एक मालगाडीचा, आणि दुसरा अब्बू लोखंडी पाइपावर आटे पाडायचे त्याचा, कर्र-कर्र, मध्ये थांबून तेलाची धार, पुन्हा कर्र. घरात आम्ही हिंदी आणि मराठीची खिचडी बोलायचो. इथे लिहिताना ती मी बरीचशी मराठीकडे झुकवली आहे. मोठ्या बहिणीचं, आपाचं, लग्न झालेलं होतं, त्यामुळे घरात तिघंच. मी बारावी झाले, डी.एड.ला नंबर लागला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचं ठरवून घरी बसले. बसले हे नावापुरतंच. आमच्या घरात कुणी बसलेलं अम्मीला दिसलं की ती त्याच्या पुढ्यात सूप ठेवायची.

त्या वर्षी मला याद्या करायची सवय लागली. अब्बूंचा हात जितका चांगला, तितकी आठवण वाईट. एकदा राजुऱ्याला कामावर गेले, सगळं सामान नेलं आणि सांध्यावर गुंडाळायचं सूत घरीच राहिलं. त्यांनी घरमालकिणीच्या गोधडीचा दोरा उसवून काम भागवलं आणि ती बाई पुढे सहा महिने बाजारात दिसली की अम्मीला गोधडीबद्दल ऐकवायची. तेव्हापासून प्रत्येक कामाच्या आदल्या संध्याकाळी मी जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर सामान लिहून काढायची. पान्हे दोन, करवत, कानस, सूत, सफेदा, खडू, ओळंबा. वस्तू पिशवीत गेली की तिच्यापुढे टिक. टिक नसेल तर पिशवी उंबऱ्याबाहेर जायची नाही. अब्बूंना हे आवडायचं आणि ते माझी चेष्टाही करायचे. ‘‘नाव लिव्हलं का माहं? नाई तं मी घरीच राहून जाईन,’’ असं म्हणायचे. आज मी मुलींचं वसतिगृह सांभाळते, माझ्या हाताखाली चाळीस नळ आहेत आणि चामोर्शीतले प्लंबर मला वचकून असतात. त्याची सुरुवात ही अशी झाली.

लोखंडी काम सगळेच करायचे. अब्बूंची ओळख होती ती तांब्याच्या कामासाठी. लोखंडाच्याला ते पाइप म्हणायचे आणि तांब्याच्याला नळी, आणि नळी म्हणताना आवाज जरा खाली यायचा. तांबं नागपूरहून आणावं लागे. नळी मिळायची, पण कोपऱ्यावर लावायचा तांब्याचा एल्बो आमच्याकडच्या कुठल्याच दुकानात मिळत नसे. आणि मिळाला असता तरी अब्बूंनी तो लावला नसता. कोपऱ्यावर सांधा द्यायचाच नाही, नळीच वळवायची, हा त्यांचा हट्ट. पोकळ नळी नुसती वाकवली तर बाहेरून ताणते, आतून चुरगळते आणि पाण्याची वाट दाबली जाते. म्हणून तिच्यात रेती भरायची. एक टोक लाकडी खुंटीनं बंद, दुसऱ्या टोकातून भाजलेली रेती, आणि भरताना नळीवर लाकडाच्या तुकड्यानं सतत टकटक. आधी आवाज घुमतो, मग बसत जातो, आणि शेवटी भरलेल्या मडक्यासारखा ठस्स येतो. मग दुसरी खुंटी ठोकायची, वळणाच्या जागी रॉकेलच्या ब्लोलॅम्पनं नळी लाल करायची आणि गोल खांबाभोवती न घाबरता, न घाई करता वळवायची. आत रेती गच्च असली की नळीला चुरगळायला जागाच नसते. ‘‘पाणी अन् म्हातारा माणूस,’’ अब्बू म्हणायचे, ‘‘दोघायलेही कोपऱ्यावर ढकलू नये. आपल्यानं वळू द्यावं.’’

आलापल्लीच्या मडावीबाई थंडीच्या सुरुवातीला आमच्या घरी आल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यांचे यजमान जंगल खात्यात वनपाल. मडावीसाहेबांना अर्धांगाचा झटका आला होता आणि ते नागपूरला दवाखान्यात होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं. तिथे महिनाभर त्यांचं अंग नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं जात होतं. बाई अंगणातल्या बाजेवर बसल्या, अम्मीनं दिलेला चहा तसाच हातात धरून एका दमात सगळं सांगत सुटल्या. घरी पाणी तापवायला तांब्याचा बंब होता, मागच्या ओट्यावर. विजेच्या गीझरचा उपयोग नव्हता, कारण भारनियमनात सकाळची लाइन कधी येईल याचा नेम नसे. बंबातून न्हाणीत पाणी न्यायला पूर्वी लोखंडी पाइप टाकला होता, तो बोअरच्या पाण्यानं आतून बुजला आणि त्यातून विटकरी पाणी यायला लागलं. मग बाई बादलीनं पाणी नेत होत्या. पण आता ते चालणार नव्हतं.

‘‘डॉक्टर म्हणाले, त्यायले न्हाणीत एकटं एक मिनिटही सोडाचं नाई,’’ बाई म्हणाल्या. ‘‘स्टुलावर बसवलं तरी एका अंगाले कलतात. मी एका हातानं त्यायले धरीन का बादली आणाले बाहेर जाईन? घरी दुसरं माणूस नाई, मिस्तरीभाऊ. मले इतकंच सांगा, गरम पाणी माह्या हाताशी येईन का नाई?’’

‘‘येईन, बाई.’’

‘‘पुढच्या गुरुवारी आणून राह्यलो आम्ही त्यायले.’’

‘‘बुधवारी येतो. गुरुवारी साहेब घरच्या न्हाणीत आंघोळ करतीन. जबान देल्ली.’’

अब्बू दुसऱ्याच दिवशी नागपूरला जाऊन दहा फुटांची अर्ध्या इंची नळी घेऊन आले. एकच. दोन घ्यायला हव्या होत्या असं आज मी सहज म्हणू शकते, पण दुकानदाराकडेच एक होती आणि पुढचा माल महिनाभरानं येणार होता. नळी मी कापडात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. आणि शनिवारी अब्बू एका घरच्या सिमेंटच्या टाकीवरून घसरले. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

‘‘एक हात घेऊन काय करसान तुम्ही तिथी?’’ अम्मीनं विचारलं. ‘‘नळीले आशीर्वाद देसान?’’

‘‘एक नाई, तीन हात आहेत,’’ अब्बू म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘पोट्टीले नेसान? लोकं काय म्हणतीन?’’

‘‘लोकं म्हणतीन, पाणी मस्त गरम आहे.’’

अम्मी उठून आत गेली. थोड्या वेळानं चणे भिजवायचं पातेलं खाली काढल्याचा आवाज आला तेव्हा मी समजले की परवानगी मिळाली. तोंडानं हो म्हणणं हे अम्मीच्या स्वभावात नव्हतं. प्रवासाला चणे भाजून देणं म्हणजे हो. मंगळवारी संध्याकाळी मीठ-हळदीच्या पाण्यातून काढून निथळत ठेवलेले चणे तिनं बुधवारी पहाटे भाजले. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत कंदिलाच्या उजेडात यादीवर टिक करत होते. ब्लोलॅम्प, टिक. रॉकेलची बाटली, टिक. कथील, नवसागर, टिक. खुंट्या चार, टिक. रेतीचा डबा उचलला, कोमट लागला, अम्मीनं अब्बूंची रेती ताजी भाजून दिली म्हणून मनात बरं वाटलं, आणि टिक.

आष्टीचा पूल ओलांडेपर्यंत एसटीत बसायला जागा नव्हती. नळी आम्ही टपावर ठेवू दिली नाही. मी ती उभी धरली होती आणि कंडक्टर प्रत्येक फेरीला म्हणायचा, ‘‘ताई, तिकीट नळीचं पण फाडू का?’’ अब्बू प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून, दुसऱ्या हातानं चणे खात उभे. पुढे साग सुरू झाला. थंडीत सागाची मोठी पानं रस्त्यावर पडलेली असतात आणि बस त्यांवरून गेली की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. दुपारी आम्ही आलापल्लीला पोहोचलो. बाई नागपूरला गेल्या होत्या, किल्ली शेजारणीकडे ठेवून. त्या शेजारणीला सगळे पोचूबाई म्हणायचे. भक्कम, साठीच्या, तोंडात सतत तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांनी आधी अब्बूंच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग नळीकडे.

‘‘मिस्तरी कोण आहे यातला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आज ही,’’ अब्बू म्हणाले.

‘‘बाप्पा!’’ पोचूबाई म्हणाल्या आणि दार उघडून दिलं.

त्या दुपारी मी मापं घेतली आणि भिंतीला भोक पाडलं. बंब मागच्या ओट्यावर. नळी तिथून भिंतीतून न्हाणीत यायची, भिंतीनं सरळ कोपऱ्यापर्यंत जायची, कोपऱ्यावर वळायची आणि पुढे स्टुलाशेजारी पितळी तोटीत संपायची. कोपरा एकच. छिन्नीनं भोक पाडताना तासाभरात माझ्या तळहाताला फोड आले आणि अब्बू स्टुलावर बसून, डावीकडं, उजवीकडं, हळू, जोरात, असं सांगत होते. त्यांना स्वतःला हात लावता येत नव्हता त्याचा त्रास त्यांच्या पायांत दिसत होता, सारखे हलत होते. संध्याकाळी पोचूबाईंनी भात, अंबाडीची भाजी आणि सुक्या मासोळीचा झणझणीत रस्सा वाढला. ‘‘कोंबडी नाई केली,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्यात कापाची रीत येगळी. मासोळीले कोणाची रीत लागत नाई.’’ अब्बू तीनदा भात घेऊन जेवले.

गुरुवारी सकाळी ऊन अंगणात आलं तेव्हा आम्ही नळी भरायला घेतली. जीप दुपारी एकपर्यंत येईल असा निरोप होता. मी नळी उभी धरून रेती ओतत होते आणि टकटक करत होते, अब्बू डोळे मिटून आवाज ऐकत होते. ‘‘अजून... अजून... बस.’’ खुंट्या ठोकल्या. खडूनं वळणाची जागा लिहिली. ब्लोलॅम्प पेटवायला मला दोन काड्या लागल्या, मग तो फुरफुरला आणि निळी जीभ बाहेर आली. मी नळी फिरवत फिरवत तापवू लागले. पोचूबाई पदर तोंडाशी धरून दारात. तांबं आधी काळपट झालं, मग त्यावर जांभळी-हिरवी झाक आली, मग आतून लाली येऊ लागली. मी अंगणातल्या सागाच्या खांबाला नळी टेकवली आणि वळवायला सुरुवात केली. ती लोण्यासारखी वळत होती. मला आठवतं, त्या क्षणी मी हसत होते.

बंदुकीसारखा आवाज झाला. एका टोकाची खुंटी सुटून पोचूबाईंच्या डोक्यावरून कौलांवर गेली आणि मागोमाग रेतीचा फवारा. पोचूबाई मटकन खाली बसल्या. मी वळवण्याचा जोर थांबवेपर्यंत रिकामी झालेली नळी वळणावर बसली, दाबलेल्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यासारखी चपटी. तिच्यातून वाफ निघत होती.

अब्बू पुढे आले, जमिनीवरची चिमूटभर रेती डाव्या हातानं उचलली, बोटांवर चोळली. कोरडीच वाटत होती. मग त्यांनी ती जिभेवर ठेवली.

‘‘खारट आहे,’’ ते म्हणाले.

मीही चाखली. खारट, आणि मागून हळदीची चव. अम्मीच्या डब्याचं बूड गंजलं होतं, हे मला माहीत होतं. आठवड्यापूर्वी तिनंच सांगितलं होतं की रेती सांडून वाया गेली. म्हणून बुधवारी पहाटे तिनं अब्बूंच्याच रेतीत चणे भाजले आणि रेती चाळून पुन्हा डब्यात भरली. डबा कोमट का होता ते आता कळत होतं. चण्यांना लागलेलं मीठ रेतीत उतरलं आणि मीठ काही स्वस्थ बसत नाही, एसटीच्या प्रवासात आणि आलापल्लीच्या रात्रीच्या दवात ते ओल ओढत राहिलं. हाताला न लागणारी, पण नळीत कोंडून तापवली की खुंटी उडवणारी ओल. रेतीला मीठ लागू नये हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण दोन डबे कधी एक झालेच नव्हते. पण मी टिक केली होती. उघडून, हात घालून, चाखून नाही. नुसता डबा उचलून टिक.

‘‘अब्बू, मी पाह्यलंच नाई,’’ मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि पोचूबाईंसमोर रडायचं नव्हतं.

‘‘मीही नाई पाह्यलं,’’ अब्बू म्हणाले. मग पोचूबाईंकडे वळून, ‘‘रेती दमट निघाली, बाई. माही चूक. तुमाले लागलं तं नाई?’’

‘‘मले नाई लागलं,’’ पोचूबाई उठत म्हणाल्या. ‘‘पण साहेब दुपारी येऊन राह्यले, त्यायचं आता काय करता? माह्या तब्येतीचं मग पाहू.’’

अम्मीला हे आम्ही बरीच वर्षं सांगितलं नाही. अब्बू गेल्यानंतर एकदा बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं. ती हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, ‘‘चने तं चांगले झाल्ते ना?’’ मी हो म्हणाले. ते खरंच चांगले झाले होते.

अब्बूंनी नळी मांडीवर घेतली आणि चुरगळलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. आता दोनच गोष्टी होत्या. चपटा भाग कापून काढायचा, म्हणजे नळीचे दोन तुकडे होणार आणि एक वीत कमी पडणार. आणि ते दोन तुकडे जोडायचे, म्हणजे सांधा, तोही वळणाच्या शेजारी. पंचवीस वर्षांत त्यांनी जे केलं नव्हतं ते. त्यांनी फार वेळ घेतला नाही. ‘‘काप,’’ ते म्हणाले. ‘‘वितेचं काय करायचं?’’ मी विचारलं. ‘‘नळी लांब होत नसन तं बंब जवळ येईन. त्याले कोणी जमिनीत पुरला आहे का?’’ बंब तीन विटांवर उभा होता. मी आणि पोचूबाईंनी मिळून तो ओट्यावर एक वीतभर भिंतीकडे सरकवला. पोचूबाईंचा जोर माझ्या दुप्पट होता.

मग मी नाल्यावर धावत गेले आणि घमेलंभर रेती आणली. धुतली, पोचूबाईंच्या तव्यावर भाजली, सुस्कारा थांबेपर्यंत. अब्बू म्हणाले, पुन्हा भाज. पुन्हा भाजली. तिसऱ्यांदा मीच भाजली, कुणी न सांगता, आणि चाखली. लांब तुकडा भरला आणि त्याच्या टोकाजवळ नवीन वळण घेतलं. या वेळी पोचूबाई घरात दार लावून बसल्या होत्या आणि आतून ओरडून विचारत होत्या, ‘‘झालं का? झालं का वं?’’ वळण झालं. बाहेरून गुळगुळीत, आतून गोल. पण मला त्याचा आनंद व्हायला वेळ नव्हता, कारण खरं अवघड काम पुढे होतं.

नळीला नळी जोडायची तर एकीचं तोंड फुलवावं लागतं, दुसरी त्यात बसेल इतकं. तोंड लाल करून, थंड करून, निमुळता लोखंडी ठोकळा आत ठोकायचा, हलक्या हातानं, फिरवत. एक घाव जास्त झाला तर तोंड फाटतं आणि मग कापायला वीतही उरत नाही. भांड्यांना कथलाचा डाग देणं मला येत होतं, पण नळीचा सांधा मी कधी केला नव्हता. अब्बू माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि प्रत्येक घावाला ‘‘हाव’’, म्हणजे हो, म्हणत राहिले. हाव. हाव. एकदा नुसतेच गप्प झाले आणि मी हातोडी थांबवली. तोंड बरोबर फुललं होतं. दोन्ही टोकं कानशीनं आणि पॉलिश पेपरनं गुलाबी होईस्तोवर घासली, नवसागर लावलं, एकात एक बसवली, तापवलं आणि कथलाची काडी टेकवली. कथील क्षणभर गोळा होऊन बसलं आणि मग एकदम पाण्यासारखं सांध्यात शिरून नाहीसं झालं. ‘‘पेली पाय,’’ अब्बू हळूच म्हणाले. नळी कथील प्यायली होती.

नळी भिंतीतून बसवली, बंबाला जोडली, तोटी लावली आणि आधी थंड पाणी सोडून पाहिलं. सांध्याच्या खालच्या बाजूला एक थेंब आला. मी पुसला. पुन्हा आला. अगदी बारीक, मोहरीएवढा. त्याच वेळी फाटकापाशी जीपचा आवाज आला.

दोन माणसांनी मडावीसाहेबांना उचलून आत आणलं आणि पुढच्या खोलीत बाजेवर टेकवलं. उंच, हाडकुळे, दाढी वाढलेली, अंगाला दवाखान्याचा औषधी वास. त्यांचा डावा डोळा सगळीकडे फिरत होता आणि तो न्हाणीच्या दाराशी, माझ्या हातातल्या ब्लोलॅम्पवर येऊन थांबला. बाई तशाच चपला घालून मागे आल्या. ‘‘झालं, भाऊ?’’

‘‘अर्धा घंटा,’’ अब्बू म्हणाले.

बाईंनी भिंतीवरच्या थेंबाकडे पाहिलं, मग अब्बूंच्या प्लास्टरकडे, मग माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे. त्या शिक्षिका होत्या, त्यांना सांगावं लागलं नाही. ‘‘तंवर मी त्यायले चहा पाजते,’’ एवढंच म्हणाल्या आणि पोचूबाईंना घेऊन पुढच्या खोलीत गेल्या.

पाणी आत असताना डाग बसत नाही. नळीतलं सगळं पाणी काढलं, फडकं तारेला बांधून आतून पुसली, फुंकून कोरडी केली, तरी पहिल्यांदा तापवल्यावर सांध्यातून फुस्स झालं. थांबले. पुन्हा पुसली. पुढच्या खोलीतून मडावीसाहेबांचा खोकला आणि कपबशीचा आवाज येत होता. अब्बूंनी मला घाई केली नाही. दुसऱ्यांदा कथील टेकवलं तेव्हा ते खालपर्यंत फिरलं आणि सांध्याभोवती चांदीच्या तारेसारखी कड उमटली. थंड होऊ दिलं. पाणी सोडलं. मी सांध्याखाली बोट धरून उभी राहिले. शंभरपर्यंत मोजलं. बोट कोरडं. अब्बूंनी दोनशेपर्यंत मोजायला लावलं.

मग बंब पेटवला. पोचूबाईंनी सागाच्या ढलप्या आणून दिल्या आणि धूर ओट्यावरून वर गेला. पाणी तापल्यावर दोघा माणसांनी साहेबांना न्हाणीत स्टुलावर बसवलं आणि ते निघून गेले. दार लागलं. आत फक्त बाई आणि ते. आम्ही ओट्यावर. तोटी फिरल्याचा आवाज आला, नळीत आधी हवेची गुरगुर, मग धार. बाई त्यांच्याशी बोलत होत्या, लहान मुलाशी बोलावं तसं नाही, रोजच्यासारखं. शाळेतल्या कुणाची बदली झाली, पेरूच्या झाडाला किती पेरू लागले, त्यांचा हिरवा स्वेटर उंदरानं कुरतडला. मधूनमधून पाण्याचा आवाज.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, ‘‘बस, झालं आता. उठू या.’’ आणि आतून ठण्ण झालं. धातूवर धातू.

‘‘अजून?’’ बाईंचा आवाज.

ठण्ण.

डाव्या हातातला पाण्याचा तांब्या ते नळीवर आपटत होते. बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. ‘‘मिस्तरीभाऊ,’’ त्या आतून ओरडल्या, ‘‘हे उठूनच नाई राह्यले! अजून पाणी आहे का?’’

बल्लारपूरची बस चार वाजता सुटायची आणि स्टँड दूर होता. मी पिशवी भरून, नळीचे उरलेले तुकडे बांधून तयार होते. मी अब्बूंना घड्याळ दाखवलं. त्यांनी पाहिलं, डाव्या हातानं ढलप्यांच्या ढिगातून एक जाडसर ढलपी निवडली आणि बंबाच्या आगीत सरकवली.

‘‘आहे, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘होऊ द्या.’’